कॅल्क्युलेटरवर क्षेत्रफळ आणि घनफळ: सूत्र ते उत्तर

क्षेत्रफळाची आणि घनफळाची सूत्रे शाळेपासून पाठ असतात, कॅल्क्युलेटर खिशातल्या मोबाइलमध्येच असतो, आणि तरीही उत्तर चुकते. चूक गुणाकाराची फार क्वचित असते. मापे वेगवेगळ्या एककांत राहिलेली असतात, व्यासाच्या जागी त्रिज्या बसलेली असते, किंवा पुस्तकातले सूत्र जसेच्या तसे बटणांवर दाबलेले असते. पुस्तकातले सूत्र वाचण्यासाठी आणि लक्षात ठेवण्यासाठी मांडलेले असते. बटणे दाबण्यापूर्वी ते हातातल्या यंत्राच्या चालीप्रमाणे पुन्हा मांडून घ्यावे लागते, आणि या लेखाचा बहुतेक भाग त्या मांडणीविषयी आहे.

आधी यंत्राची चाल ओळखा

कोणताही कॅल्क्युलेटर हाती आला की सर्वप्रथम २ + ३ × ४ = असे दाबून पाहावे. उत्तर २० आले, तर तो साधा कॅल्क्युलेटर आहे आणि तो डावीकडून उजवीकडे, बटण दाबले जाईल तसतशी क्रिया उरकत जातो. उत्तर १४ आले, तर तो आधी गुणाकार-भागाकार आणि नंतर बेरीज-वजाबाकी करतो. सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि मोबाइलमधले बहुतांश कॅल्क्युलेटर या दुसऱ्या प्रकारात मोडतात. दोन्ही चाली आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याला कोणती गृहीत धरायची आहे, एवढे माहीत असले म्हणजे झाले.

हा फरक समलंब चौकोनात लगेच दिसतो. समांतर बाजू ८.४ सेमी व ५.६ सेमी आणि त्यांच्यातील लंब अंतर ४.५ सेमी असेल, तर बाजूंची बेरीज गुणिले उंची भागिले २ हे क्षेत्रफळ. साध्या कॅल्क्युलेटरवर

८.४ + ५.६ × ४.५ ÷ २ =

असे सरळ दाबले की ३१.५ चौ. सेमी हे बरोबर उत्तर मिळते, कारण बेरीज आधीच होऊन गेलेली असते. हीच बटणे याच क्रमाने सायंटिफिकवर दाबली तर २१ येते. तिथे (८.४ + ५.६) असा कंस घालणे भाग आहे. कंसापूर्वी गुणाकाराचे चिन्हही स्वतः दाबावे. ते गाळले तर ६ ÷ २(१ + २) यासारख्या मांडणीचे उत्तर काही मॉडेलवर ९ येते, तर काहींवर १.

भागाकाराच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकारांत एकच सापळा आहे. १०० ला ४ आणि ५ यांच्या गुणाकाराने भागायचे असताना १०० ÷ ४ × ५ दाबले, तर १२५ येते. छेदात जितक्या संख्या असतील तितक्या वेळा ÷ दाबावे: १०० ÷ ४ ÷ ५ = ५.

साध्या कॅल्क्युलेटरची आणखी एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यावर १ ÷ ३ × ३ केले तर अनेकदा ०.९९९९९९९ दिसते, कारण पडद्यावर न मावणारे अंक तो टाकून देतो. म्हणून सूत्रात १/३ किंवा ४/३ असला, तरी सुरुवात त्याने करू नये. सगळे गुणाकार आधी उरकावेत आणि भागाकार शेवटी करावा.

मेमरीची बटणे

साध्या कॅल्क्युलेटरला कंस नसतात, त्यांची उणीव मेमरी भरून काढते. एम+ हे बटण पडद्यावरचे उत्तर मेमरीत मिळवते, एम− वजा करते, एमआर साठलेली संख्या परत आणते आणि एमसी मेमरी पुसते. काही यंत्रांवर शेवटची दोन एकत्र करून एमआरसी असे एकच बटण दिलेले असते; ते एकदा दाबले की संख्या येते आणि लागोपाठ दोनदा दाबले की मेमरी पुसली जाते. प्रत्येक नव्या गणितापूर्वी मेमरी पुसण्याची सवय लावून घ्यावी. मेमरीत मागच्या गणिताची संख्या उरलेली असली, की पुढची सगळी उत्तरे निमूटपणे चुकत जातात. पडद्याच्या कोपऱ्यात मेमरीची लहानशी खूण दिसत असेल, तर आत काहीतरी आहे एवढे ओळखावे.

बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर ३ × = असे दाबले की ९, म्हणजे त्या संख्येचा वर्ग मिळतो. आपल्या यंत्रावर हे चालते का ते एकदा तपासून घ्यावे, म्हणजे १४.६ सारखी संख्या दोनदा टाइप करावी लागत नाही.

पायची किंमत

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर पायचे बटण असते, ते बेधडक वापरावे. साध्यावर प्रश्न येतो. पायची किंमत ३.१४१५९२६५ अशी पुढे चालू राहते. ३.१४ वापरले तर उत्तर सुमारे ०.०५ टक्क्याने कमी येते. २२/७ वापरले तर सुमारे ०.०४ टक्क्याने जास्त. म्हणजे अपूर्णांक म्हणून जुनाट वाटणारा २२/७ हा ३.१४ पेक्षा किंचित सरसच आहे. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस दिलेली ३.१४१६ ही किंमत घरगुती काय, कारखान्यातल्या कामालाही सहसा पुरते. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर मात्र माझी पसंती × ३५५ ÷ ११३ ला आहे: ११, ३३, ५५ हे अंक जोडीने लक्षात राहतात आणि पायचे पहिले सहा दशांश अंक बिनचूक मिळतात.

एकके आधी, बटणे नंतर

सगळी मापे एकाच एककात आणल्याशिवाय पहिले बटण दाबू नये. ४.५ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद आणि १० सेमी जाड थराचे घनफळ काढताना ४.५ × ३.२ × १० दाबले तर १४४ येते, आणि या १४४ ला कोणतेच सरळ एकक नाही. जाडी ०.१ मीटर घेतली की १.४४ घनमीटर मिळतात.

फूट आणि इंच यांची चूक याहून फसवी आहे. १२ फूट ८ इंच म्हणजे १२.८ फूट नव्हेत, कारण एका फुटात १२ इंच असतात. १२ फूट ८ इंच लांब आणि १० फूट ५ इंच रुंद अशा आयताचे क्षेत्रफळ साध्या कॅल्क्युलेटरवर असे काढावे:

८ ÷ १२ + १२ = (१२.६६६६…), एम+
५ ÷ १२ + १० = (१०.४१६६…), × एमआर =

उत्तर सुमारे १३१.९४ चौ. फूट. १२.८ × १०.५ असे दाबणाऱ्याला १३४.४ मिळतात, आणि ते उत्तर इतके जवळचे असते की संशयही येत नाही. याहून सुटसुटीत वाट म्हणजे सगळे इंचांत करावे: १५२ × १२५ ÷ १४४. एका चौरस फुटात १२ × १२ म्हणजे १४४ चौरस इंच असतात, म्हणून शेवटी १४४ ने भागायचे.

उत्तराचे एकक बदलताना लांबीचा गुणक क्षेत्रफळासाठी दोनदा आणि घनफळासाठी तीनदा लागतो. १ मीटर म्हणजे १०० सेमी, पण १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौ. सेमी आणि १ घनमीटर म्हणजे १०,००,००० घन सेमी. १ लिटर म्हणजे १,००० घन सेमी, त्यामुळे १ घनमीटरमध्ये १,००० लिटर मावतात. १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३२ लिटर आणि १ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौ. फूट.

सरळ बाजूंच्या आकृत्या

आयत, चौरस आणि समांतरभुज चौकोन यांत फार सांगण्यासारखे नाही. समांतरभुज चौकोनात तिरकी बाजू न घेता लंब उंची घ्यायची एवढेच. समभुज चौकोनासाठी कर्ण मोजणे सोपे जाते: दोन्ही कर्णांचा गुणाकार करून २ ने भागावे.

त्रिकोणाचा पाया आणि उंची माहीत असेल तर काम एका ओळीचे आहे. प्रत्यक्षात मात्र उंची मोजणे अवघड आणि तिन्ही बाजू मोजणे सोपे असते. तेव्हा हेरॉनचे सूत्र वापरावे. बाजू १३, १४ आणि १५ मीटर आहेत असे धरू. प्रथम अर्धपरिमिती काढावी: १३ + १४ + १५ ÷ २ = २१ (सायंटिफिकवर बेरजेला कंस हवा). आता २१ मधून एकेक बाजू वजा करून ८, ७ आणि ६ या वजाबाक्या कागदावर लिहून घ्याव्यात. इथेच एक फुकटची पडताळणी मिळते, कारण या तीन वजाबाक्यांची बेरीज अर्धपरिमितीएवढी आलीच पाहिजे; ८ + ७ + ६ = २१. मग

२१ × ८ × ७ × ६ = (७०५६), √

असे दाबले की ८४ चौ. मीटर हे उत्तर मिळते. साध्या कॅल्क्युलेटरवर √ हे बटण संख्येनंतर दाबायचे असते आणि ते पडद्यावर दिसणाऱ्या संख्येचेच वर्गमूळ काढते. मधले = विसरले तर एकट्या ६ चे वर्गमूळ निघते. सायंटिफिकवर उलटे आहे: आधी √, मग कंसात संपूर्ण गुणाकार. वर्गमूळ काढताना यंत्राने चुकीची खूण दाखवली, तर मोजमाप पुन्हा तपासावे. बहुधा एक बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेहून मोठी लिहिली गेलेली असते, आणि तसा त्रिकोण होऊच शकत नाही.

दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन माहीत असेल, तर दोन्ही बाजूंचा गुणाकार गुणिले कोनाचा साइन भागिले २. यासाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर अंश मोजणाऱ्या स्थितीत असला पाहिजे. साइन ३० दाबून ०.५ येते का, हे आधी पाहावे. ८ आणि ११ सेमी बाजू व ४०° कोन असेल, तर बरोबर उत्तर २८.२८ चौ. सेमी आहे, यंत्र रेडियनमध्ये राहिले तर ३२.७९ येते. हे चुकीचे उत्तरही दिसायला शहाण्यासारखेच असल्यामुळे नुसत्या नजरेला सापडत नाही.

चौकोनी पण आयत नसलेल्या जागेच्या चार बाजू मोजून, समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. ती टाकून द्यावी. चारही बाजू १० मीटर असलेला चौकोन चौरस असेल, तर त्याचे क्षेत्रफळ १०० चौ. मीटर भरते. त्याच बाजू राखून तो कलंडवला आणि एक कर्ण १२ मीटर झाला, तर क्षेत्रफळ ९६ होते. कर्ण ४ मीटरपर्यंत आला, तर ते जेमतेम ३९ उरते. सरासरीची पद्धत मात्र तिन्ही वेळा १०० च सांगते. चार बाजूंसोबत एक कर्ण मोजावा, दोन त्रिकोण पाडावेत आणि दोन्हींना हेरॉनचे सूत्र लावून पहिले उत्तर एम+ ने साठवावे, दुसरे त्यात मिळवावे.

वर्तुळ: त्रिज्या शोधत बसू नका

सूत्र त्रिज्येचे असते, पण टेप लावला की हाती येतो व्यास. १४.६ चा निम्मा तोंडी करून मग वर्ग करण्यापेक्षा व्यासाचेच सूत्र वापरणे अधिक सुरक्षित आहे: व्यास × व्यास × पाय ÷ ४. व्यास १४.६ सेमी असेल तर

१४.६ × १४.६ × ३५५ ÷ ११३ ÷ ४ =

म्हणजे १६७.४ चौ. सेमी. व्यास चुकून त्रिज्या म्हणून वापरला, तर उत्तर बरोबर चौपट होते. गोलाच्या घनफळात हीच चूक आठपट महाग पडते.

पिंप किंवा खांब यांचा व्यास नीट मोजता येत नाही. त्यांच्याभोवती टेप गुंडाळून परीघ मिळतो. तिथे परीघ × परीघ ÷ ४ ÷ पाय हे क्षेत्रफळ. ३५५ ÷ ११३ ने गुणण्याऐवजी आता भागायचे आहे, म्हणून ती जोडी उलटी होते: ÷ ३५५ × ११३.

वृत्तपाकळीसाठी त्रिज्या × त्रिज्या × पाय × कोन ÷ ३६०. लंबवर्तुळासाठी दोन्ही अर्धअक्षांचा गुणाकार × पाय. वलयाचे क्षेत्रफळ काढताना मात्र थांबून विचार करावा. बाहेरचा व्यास ११ सेमी, आतला १०.२ सेमी आणि लांबी १२० सेमी असलेल्या नळीत किती घनफळाचे द्रव्य आहे, हे काढायचे असेल तर आधी व्यासांचे वर्ग करून मग वजाबाकी करायची:

११ × ११ = एम+, १०.२ × १०.२ = एम−, एमआर (१६.९६) × ३५५ ÷ ११३ ÷ ४ × १२० =

उत्तर सुमारे १५९८.४ घन सेमी. व्यासांची वजाबाकी आधी करून ०.८ चा वर्ग केला, तर हेच उत्तर ६०.३ वर घसरते.

वृत्तचिती, शंकू, बादली आणि गोल

इष्टिकाचितीचे घनफळ म्हणजे लांबी × रुंदी × उंची, आणि वृत्तचितीचे म्हणजे वर काढलेले तळाचे क्षेत्रफळ × उंची. एका पिंपाचा बाहेरून मोजलेला परीघ ९४.२ सेमी आणि आतली उंची ७५ सेमी आहे असे समजा. ९४.२ × ९४.२ ÷ ४ ÷ ३५५ × ११३ × ७५ = म्हणजे जवळपास ५२,९६१ घन सेमी, अर्थात ५२.९६ लिटर. पण टेप बाहेरून लावला होता. पत्रा किंवा प्लास्टिक २ मिमी जाड असेल, तर आतला परीघ २ × पाय × ०.२, म्हणजे सुमारे १.२६ सेमीने कमी भरतो. तो धरून पुन्हा हिशोब केला की ५१.५६ लिटर येतात. दोन मिलिमीटरांनी जवळजवळ दीड लिटर खाल्ले. धारकता हवी असेल तर आतले माप घ्यावे, रंग किंवा आवरण लावायचे असेल तर बाहेरचे.

शंकूसाठी त्रिज्या × त्रिज्या × उंची × पाय ÷ ३, आणि ÷ ३ अगदी शेवटी. इथली उंची शिरोबिंदूपासून तळाच्या केंद्रापर्यंतची सरळ उंची असते. वक्रपृष्ठफळासाठी मात्र तिरकस उंची लागते. त्रिज्या ६ आणि उंची ८ सेमी असेल तर ६ × ६ = एम+, ८ × ८ = एम+, एमआर, √ असे दाबून तिरकस उंची १० सेमी मिळते; मग ६ × १० × पाय म्हणजे १८८.५ चौ. सेमी हे वक्रपृष्ठफळ. गंमत म्हणजे याच शंकूचे एकूण पृष्ठफळ आणि घनफळ दोन्ही ३०१.५९ येतात. एक चौरस सेंटिमीटरमध्ये आहे आणि दुसरे घन सेंटिमीटरमध्ये. आकड्यापुढे एकक न लिहिणाऱ्याला यातले कोणते कोणते, हे दुसऱ्या दिवशी सांगता येणार नाही.

बादलीचा आकार म्हणजे शंकुछेद. दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा परस्पर गुणाकार अशी तीन पदे मेमरीत मिळवत जावीत. वरची त्रिज्या १४, खालची १० आणि उंची २६ सेमी असेल तर

१४ × १४ = एम+, १० × १० = एम+, १४ × १० = एम+, एमआर (४३६) × २६ × ३५५ ÷ ११३ ÷ ३ =

म्हणजे सुमारे ११,८७१ घन सेमी, ११.८७ लिटर. दोन्ही त्रिज्यांची सरासरी १२ घेऊन वृत्तचितीचे सूत्र लावले तर ११.७६ लिटर येतात. घाईत चालवून घेण्याइतका हा फरक लहान आहे, पण बादली जितकी जास्त निमुळती, तितका तो वाढतो.

गोलासाठी बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी दिलेली रीत साध्या कॅल्क्युलेटरवर आजही सर्वांत सोयीची आहे, कारण तिच्यात एकातून दुसरे उत्तर निघत जाते आणि मेमरी लागत नाही. व्यासाला परिघाने गुणले की पृष्ठफळ, आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून ६ ने भागले की घनफळ. व्यास १०.४ सेमी असेल तर १०.४ × ३५५ ÷ ११३ = हा परीघ ३२.६७, लगेच × १०.४ = हे पृष्ठफळ ३३९.७९ चौ. सेमी, पुन्हा × १०.४ ÷ ६ = हे घनफळ ५८८.९८ घन सेमी. चार-तृतीयांश आणि त्रिज्येचा घन यांच्या वाटेला जावेच लागत नाही.

उत्तर आधी अंदाजाने सांगा

= दाबण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे, हे मनाशी ठरवून ठेवावे. त्यासाठी तीन अपूर्णांक पुरेसे आहेत. वर्तुळ त्याला घट्ट बसणाऱ्या चौरसाच्या पाऊणहून थोडे जास्त, म्हणजे ०.७८५ पट असते. गोल त्याच्या घनाच्या निम्म्याहून थोडा जास्त, ०.५२४ पट. शंकू त्याला बसणाऱ्या पेटीच्या पावपटीहून थोडा जास्त, ०.२६२ पट. वरच्या गोलाचा घन १० × १० × १० हून थोडा जास्त, म्हणजे ११०० च्या आसपास. निम्मे ५५० आणि वर थोडे. ५८९ त्यात बसते. तिथे ४७१२ आले असते, तर व्यासाऐवजी त्रिज्या १०.४ धरली गेली हे जागच्या जागी कळले असते. व्यास आणि उंची सारखी असलेल्या शंकू, गोल आणि वृत्तचिती यांची घनफळे १ : २ : ३ या प्रमाणात असतात, हे नाते आर्किमिडीजच्या काळापासून माहीत आहे आणि पडताळणीला अजूनही तितकेच उपयोगी पडते.

किती अंक लिहायचे

पडद्यावर आठ-दहा अंक दिसतात म्हणून ते सगळे खरे ठरत नाहीत. मधल्या पायऱ्यांत काहीही कापू नये, सगळे अंक यंत्रातच राहू द्यावेत; पण शेवटचे उत्तर मोजमापाच्या अचूकतेइतकेच लिहावे. लांबीच्या मापात १ टक्का चूक असेल, तर क्षेत्रफळात सुमारे २ आणि घनफळात सुमारे ३ टक्के चूक येते. २० सेमी व्यासाच्या गोलाचे घनफळ ४१८९ घन सेमी आहे, टेप २०.२ दाखवत असेल तर ते ४३१६ होते.

आपल्या उत्तरातले किती अंक भरवशाचे आहेत, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे: तेच गणित तीन वेळा करावे, एकदा घेतलेल्या मापांनी, एकदा प्रत्येक माप थोडे कमी करून आणि एकदा थोडे वाढवून. मागच्या आयताची मापे इंचापर्यंत घेतली होती, म्हणजे प्रत्येक मापात अर्धा इंच इकडेतिकडे असू शकतो. १५१.५ × १२४.५ ÷ १४४ म्हणजे १३०.९८ आणि १५२.५ × १२५.५ ÷ १४४ म्हणजे १३२.९१. तेव्हा १३१.९४ मधले दशांश चिन्हापुढचे अंक निरर्थक आहेत. कागदावर १३२ चौ. फूट लिहावे आणि सामान घ्यायचे असेल तर १३३ धरून चालावे.